बेट रिकामे नव्हते

अंदमानात जाऊन कायमचे राहावे, असे आता पुण्या-ठाण्यातली कितीतरी माणसे उघडपणे बोलू लागली आहेत. कुणाला निवृत्तीनंतरची वर्षे समुद्राकाठी घालवायची आहेत. कुणाला हॅवलॉकवर, म्हणजे आजच्या स्वराज द्वीपावर, चार खोल्यांचा होमस्टे काढायचा आहे. कुणाला शहराचा धूर आणि लोकलची गर्दी असह्य झाली आहे. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत समुद्राखालची केबल पोहोचली, तेव्हापासून संगणकावर काम करणाऱ्या तरुणांनाही ही वाट मोकळी झाल्यासारखी वाटते. स्वच्छ हवेची आणि निवांतपणाची ओढ वाटण्यात वाईट काही नाही. पण निघण्याआधी आपण कोणते प्रश्न विचारतो आणि कोणते विचारत नाही, त्यावरून आपल्या समाजाचे एक जुने दुखणे उघडे पडते. घरभाडे किती, शाळा कशी, डॉक्टर मिळतो का, इंटरनेट चालते का, हे सगळे आपण विचारतो. ही भूमी कुणाची होती, ती आपल्याला मोकळी कशी झाली, आपण गेल्याने तिथे कुणाचे काय जाईल, हे विचारणारा मला अजून भेटलेला नाही. मी ज्या घरात आणि ज्या शाळेत वाढलो, तिथेही हा प्रश्न कधी कुणी उच्चारला नाही. म्हणून हे बोलणे कुणा परक्याविषयी नाही. ते आपल्याविषयी आहे आणि त्यात मी धरलेला आहे.

आधी व्यवहाराच्याच अडचणी घेऊ. चेन्नई आणि कोलकाता ही दोन्ही बंदरे तिथून बाराशे किलोमीटरच्या आसपास दूर आहेत. प्रवासी जहाजाला तेवढे अंतर तोडायला साधारण तीन दिवस लागतात. सिमेंट, डिझेल, कांदा, औषधे, असे जवळजवळ सारे जहाजानेच येते आणि जहाज लांबले की बाजार महागतो. विजेचा मोठा भाग अजूनही डिझेलवर चालणाऱ्या जनित्रांतून निघतो. राजधानी पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले. तिथे एक मोठे सरकारी रुग्णालय आहे, पण दुखणे गुंतागुंतीचे असले तर रुग्णाला चेन्नईला हलवावे लागते. दूरच्या बेटावरच्या माणसाला तर त्या रुग्णालयापर्यंत पोहोचण्यासाठीच आधी बोट किंवा हेलिकॉप्टर मिळावे लागते, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी थांबतात. सारा प्रदेश भूकंपाच्या सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही उन्हाळ्यात शहरातल्या नळांना रोज पाणी येत नाही, कारण डोंगरउतारावर पडलेला पाऊस थेट समुद्राला मिळतो आणि धनीखारीचे धरण वाढत्या वस्तीला पुरत नाही. दमट खाऱ्या हवेत लोखंड गंजते, भिंतींना बुरशी धरते, यंत्रे लवकर निकामी होतात. जाऊ पाहणाऱ्याने हे सारे जाणून घ्यावे. घरी वृद्ध आई-वडील किंवा जुने दुखणे असेल, तर दोनदा विचार करावा.

परंतु या अडचणी आपण बेटाचे दोष म्हणून मोजतो, इथेच आपली चूक सुरू होते. १९५१ साली अंदमान-निकोबारची लोकसंख्या ३१ हजारांच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती ३ लाख ८० हजारांवर गेली. करोनाच्या आधी वर्षभरात येणाऱ्या पर्यटकांची संख्या तिथल्या रहिवाशांपेक्षाही अधिक झाली होती. पाणी बेटाला कमी नव्हते, ते आपल्याला कमी पडू लागले. आपली घरे आणि हॉटेले बांधण्यासाठी किनाऱ्यांवरची वाळू उपसली गेली, आणि त्याच किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात. आपल्या वस्त्यांबरोबर आलेली कुत्री ती अंडी उकरून खातात. ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शिकारीच्या हौसेने चितळ आणून सोडले. त्यांना खाणारा प्राणी तिथे नव्हता, म्हणून आज ते जंगलातली कोवळी रोपे वर येऊ देत नाहीत. एका लाकूड कंपनीने १९६२ साली धंदा गुंडाळला आणि आपले हत्ती इंटरव्ह्यू बेटावर तसेच टाकून दिले. त्यांनी त्या बेटाच्या रानाची रचनाच बदलून टाकली. लक्षद्वीपची गोष्ट याहूनही नाजूक आहे. सारी मिळून ३२ चौरस किलोमीटर जमीन, त्यावर ६० हजारांहून अधिक माणसे, आणि पिण्याचे पाणी म्हणजे प्रवाळाच्या पोटात खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर. जानेवारी २०२४ मध्ये तिथली छायाचित्रे झळकताच आपण हजारोंनी चौकशी करू लागलो. त्या थराला आपला भार सोसवेल का, याची चौकशी त्यांत नव्हती.

ही दृष्टी आपल्याला कुठून मिळाली, याचा शोध घेतला पाहिजे. आपल्या पूर्वजांनी समुद्र ओलांडणे पाप ठरवले होते. समुद्रापलीकडच्या भूमीवर माणसे राहतात, त्यांना भाषा आहे, नाती आहेत, मरणाचे आणि जन्माचे संस्कार आहेत, याची खबर घेण्याची गरजच त्या निषेधाने संपवून टाकली. पुढे ब्रिटिशांनी अंदमान ही शिक्षेची जागा केली आणि ती भूमी आपल्या मनात यातनांची भूमी म्हणून कोरली गेली. स्वातंत्र्यानंतर ती तीर्थभूमी झाली, आणि अलीकडे ती सुट्टीची आणि स्वप्नातल्या घराची भूमी झाली आहे. या तिन्ही चित्रांत आपणच आहोत. कधी आपण तिथे सोसणारे आहोत, कधी वंदन करणारे, कधी विसावणारे. हजारो वर्षे त्या बेटांवर राहत आलेली माणसे एकाही चित्रात नाहीत. महाराष्ट्रात लहान मुलालाही सेल्युलर जेल ठाऊक असते. तेच तुरुंगाचे शहर ज्या जमिनीवर उभे राहिले, ती कोणत्या लोकांची होती, हे मात्र त्या मुलाच्या शिक्षकालाही सांगता येत नाही. हे अज्ञान केवळ माहितीच्या अभावाचे असते, तर चार पुस्तकांनी दूर झाले असते. ते पिढ्यांनी जपलेले आहे, कारण ते आपल्या सोयीचे आहे.

त्या भूमीची हकीकत थोडक्यात अशी. १७८९ साली ब्रिटिशांनी तिथे पहिली वसाहत घातली. रोगराई आणि मृत्यू यांनी ती इतकी पोखरली की १७९६ साली ती सोडून द्यावी लागली. बेटावर येऊन राहण्याचे तोटे काय, याचे उत्तर तेव्हाच मिळाले होते. मार्च १८५८ मध्ये डॉ. वॉकर सत्तावन्नच्या उठावातल्या दोनशे कैद्यांना घेऊन पुन्हा तिथे उतरला आणि जंगलतोड सुरू झाली. पळून गेलेल्या आणि परत पकडलेल्या ऐंशीहून अधिक कैद्यांना त्याने एका दिवसात फासावर चढवले. ज्यांचे जंगल तुटत होते, ते ग्रेट अंदमानी लोक धनुष्यबाण घेऊन उभे राहिले, आणि १७ मे १८५९ रोजी अॅबर्डीन येथे त्यांनी ब्रिटिश छावणीवर मोठा हल्ला केला. ज्या साम्राज्याविरुद्ध आपण लढलो असे अभिमानाने सांगतो, त्याच साम्राज्याविरुद्ध हे लोक आपापल्या अंगणात लढत होते. तो हल्ला फसला, कारण छावणीला आधीच खबर मिळाली होती. ती देणारा दूधनाथ तिवारी आपल्यातला होता. कैदेतून पळालेला हा शिपाई जंगलात जखमी झाला. त्याला अंदमानी लोकांनी जगवले, वर्षभर आपल्यात ठेवून घेतले, आपल्या मुली त्याला दिल्या. परत फिरून त्याने त्यांचा बेत सरकारला सांगितला आणि बदल्यात त्याला माफी मिळाली. त्या माणसाच्या मनात काय चालले होते, हे आज कुणी सांगू शकणार नाही. यातनांनी माणूस काय करील याचा नेम नसतो. पण त्या लोकांच्या दारी आश्रय घेणारा आपला पहिला माणूस त्यांच्याशी असा वागला, ही गोष्ट आपल्या तीर्थयात्रेच्या कथनातून पूर्णपणे गळून पडली आहे.

त्यानंतर जे घडले ते बंदुकीपेक्षा भयंकर होते, आणि ते दयेच्या नावाने घडले. १८६३ पासून सरकारने या लोकांना माणसाळवण्यासाठी ‘अंदमान होम’ उघडली. त्यांना तिथे कपडे, तंबाखू, दारू, अफू मिळाली आणि त्यांच्या शरीरांना अनोळखी असलेले आजार मिळाले. उपदंश पसरला. १८७७ साली गोवराची साथ आली आणि वस्त्याच्या वस्त्या उठल्या. त्या होममध्ये सुरुवातीच्या काळात जन्मलेल्या सुमारे दीडशे बालकांपैकी एकही दोन वर्षांच्या पुढे जगले नाही, असे त्या काळच्या सरकारी अधिकाऱ्यांनीच नोंदवून ठेवले आहे. १८५८ च्या सुमारास हे लोक पाच हजारांच्या आसपास असावेत, असा अंदाज आहे. १९०१ च्या जनगणनेत ते ६२५ भरले. १९६१ पर्यंत ते १९ उरले. दहा जमाती, दहा बोली. त्यांतली ‘अका-बो’ बोलणारी शेवटची स्त्री, बोआ सीनियर, २६ जानेवारी २०१० रोजी वारली. देश प्रजासत्ताक दिन साजरा करत होता. तिच्या हयातीची शेवटची वर्षे अशी गेली की, तिच्या भाषेत तिच्याशी बोलू शकेल असे माणूस पृथ्वीवर कुठेही नव्हते.

हे पाप इंग्रजांचे, असे म्हणून आपण सुटू पाहतो. तेवढे सोपे असते तर स्वातंत्र्याबरोबर ते थांबले असते. १९४९ पासून पूर्व बंगालच्या निर्वासितांना तिथे नेले. प्रत्येक कुटुंबाला पाच एकर भातजमीन आणि पाच एकर डोंगरउतार, अशी ती योजना होती. फाळणीने उद्ध्वस्त झालेल्या माणसांना आसरा देणे धर्मच होता, आणि त्यांच्यावर दोष ठेवायला मी धजणार नाही. पण ती जमीन जंगल तोडून काढली होती आणि ते जंगल जारवा या तिथल्या मूळ जमातीचे शिकारीचे रान होते. १९५६ साली आदिम जमातींच्या संरक्षणाचा नियम झाला, राखीव क्षेत्र आखले गेले, आणि नंतर त्याच क्षेत्राच्या पोटातून अंदमान ट्रंक रोड नेला. कायदा करणारे आणि रस्ता काढणारे हात एकाच राज्ययंत्रणेचे होते. जारवांनी बाण मारले, मजूर मेले, जारवाही मेले. त्यांचे बाण आपण रानटीपणाचा पुरावा मानले. आपल्या वावरात कुणी न विचारता रस्ता काढला तर आपण काय करतो, हे आठवण्याची तसदी घेतली नाही. १९९७-९८ च्या सुमारास जारवा स्वतःहून वस्त्यांकडे येऊ लागले. वर्ष-दोन वर्षांतच, १९९९ साली, त्यांच्यात गोवराची साथ आली. सव्वाशे वर्षांपूर्वी ग्रेट अंदमानींना ज्या रोगाने संपवले, तोच रोग, त्याच वाटेने.

आता आपल्या महाराष्ट्राविषयी. दर हिवाळ्यात आपल्याकडून विमाने भरभरून माणसे अंदमानला सहलीसाठी जातात. सावरकर ४ जुलै १९११ रोजी ज्या तुरुंगात पोहोचले, त्या तुरुंगातल्या कोठडीपुढे माणसे हात जोडून उभी राहतात आणि कित्येकांचे डोळे भरून येतात. ते अश्रू खरे असतात, याविषयी मला शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तीच माणसे जिरकाटांगच्या नाक्यावर वाहनांच्या रांगेत उभी असतात. रांग जंगलातून बाराटांगकडे निघते. वेळापत्रकात चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी लिहिलेले असतात, पण साऱ्या गाडीचे डोळे खिडकीबाहेर लागलेले असतात. जारवा दिसले का? किती दिसले? बाई होती का, कपडे होते का? बंदिवानाच्या यातनांनी जे मन हेलावते, तेच मन दुसऱ्या दिवशी जिवंत माणसे बघायला तिकीट काढून निघते. जानेवारी २०१२ मध्ये एक चित्रफीत जगभर दाखवली गेली. तीत अन्नाच्या बदल्यात जारवा स्त्रियांना नाचायला सांगणारा आवाज ऐकू येतो. आपल्याला लाज वाटली, ती जगाने पाहिले म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने तर त्याच्या दहा वर्षे आधी, मे २००२ मध्ये, राखीव क्षेत्रातला रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला होता. दहा वर्षे तो आदेश कागदावर राहिला आणि रस्ता चालू राहिला, कारण त्यावरून जाऊ इच्छिणारे आपण होतो.

आपल्याला अस्पृश्यतेची परंपरा आहे, आणि ती कायद्याने गेली तरी तिने दिलेली नजर गेलेली नाही. माणसाला माणूस न मानता वस्तू म्हणून, अपशकुन म्हणून किंवा मौज म्हणून बघण्याची सवय आपल्याला हजार वर्षांची आहे. घराच्या मागच्या दाराने ज्याला भाकर टाकली जायची आणि गाडीच्या खिडकीतून ज्याच्याकडे बिस्कीट फेकले जाते, त्या दोघांकडे बघणारे डोळे एकच आहेत. जोतिराव फुले यांनी ज्या डोळ्यांना दीडशे वर्षांपूर्वी धारेवर धरले, तेच डोळे आपण विमानात बसवून बेटावर घेऊन जातो.

या व्यवस्थेने तिथे नेऊन बसवलेल्यांनाही न्याय दिलेला नाही, हे विसरता कामा नये. कैद्यांना साखळदंडांत नेले. ज्यांच्यावर ब्रिटिशांनी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्या भांतू जमातीच्या लोकांना उत्तरेतून उचलून तिथे आणले. छोटा नागपूरचे आदिवासी जंगलतोडीसाठी मजूर म्हणून आणले. तिथे त्यांना ‘रांची’ म्हणून ओळखतात, आणि ज्यांनी रस्ते आणि घरे उभी केली त्यांच्या वाट्याला सर्वांत शेवटी जमीन आली. १९६९ पासून ग्रेट निकोबारच्या पूर्व किनाऱ्यावर माजी सैनिकांची तीनशेहून अधिक कुटुंबे वसवली. पंजाब, केरळ, तमिळनाडू यांच्याबरोबर त्यांत महाराष्ट्रातलीही कुटुंबे होती. देशाच्या दक्षिण टोकावर पहारा म्हणून त्यांना नेले, त्यांनी नारळ आणि सुपारी लावली, मुले वाढवली. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही मिनिटांत समुद्र घरांत शिरला. त्याच टोकावरच्या इंदिरा पॉइंटची भूमीच सव्वाचार मीटरच्या आसपास खचली आणि कोरड्या जमिनीवरचे दीपगृह पाण्यात उभे राहिले. बेटांवर मृत आणि बेपत्ता मिळून साडेतीन हजारांच्या आसपास माणसे सरकारी नोंदीत आली. सर्वांत मोठा घाव निकोबारी लोकांवर बसला, आणि या माजी सैनिकांच्या वाड्याही वाहून गेल्या. आपण वर्तमानपत्रात चार दिवस हळहळलो. तिथे आपली मराठी माणसे होती, हेही आपल्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक होते. ज्यांना आपण पाठवतो त्यांनाही विसरतो, आणि ज्यांच्या भूमीवर पाठवतो त्यांना तर कधी ओळखतच नाही.

हे सगळे भूतकाळात जमा झाले असते, तर आज लिहिण्याची निकड नव्हती. २०२१ पासून त्याच ग्रेट निकोबारवर एक प्रचंड प्रकल्प आकार घेत आहे. सुमारे १६६ चौरस किलोमीटरवर बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे शहर. खर्च आरंभी ७२ हजार कोटी रुपये धरला होता. त्यासाठी १३० चौरस किलोमीटरहून अधिक वर्षावन वळवायचे आणि लाखो झाडे तोडायची, भरपाईची झाडे हरियाणात लावायची. आज ज्या बेटावर आठ-नऊ हजार माणसे राहतात, तिथे पुढच्या तीस वर्षांत साडेतीन लाख माणसे यावीत, असा अंदाज प्रकल्पाच्या कागदांतच आहे. बंदर जिथे होणार त्या गॅलथिया बेवर महाकाय लेदरबॅक कासवे अंडी घालायला येतात. तिथले अभयारण्य जानेवारी २०२१ मध्ये रद्द केले. बेटाच्या आतल्या जंगलात शोम्पेन लोक राहतात. २०११ च्या जनगणनेत ते २२९ होते. साडेतीन लाखांच्या शेजारी २२९ माणसांचे काय होते, याचा हिशेब करायला ग्रेट अंदमानींचा इतिहास पुरेसा आहे. किनाऱ्यावरच्या निकोबारींना त्सुनामीनंतर कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतीत आणून ठेवले. आपल्या वाडवडिलांच्या गावी परत जाऊ द्या, असे ते तेव्हापासून म्हणत आहेत. त्यांच्या परिषदेने प्रकल्पाला दिलेली संमती नोव्हेंबर २०२२ मध्ये लेखी मागे घेतली. घाईत आणि पुरेसे न सांगता ती घेतली होती, असे कारण त्यांनी दिले. त्याच महिन्यात प्रकल्पाला पर्यावरणाची मंजुरी मिळाली होती.

यावर उत्तर येते ते देशाच्या संरक्षणाचे आणि रोजगाराचे. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेल्या बेटाचे महत्त्व मी नाकारत नाही. नौदलाचा तळ तिथे आहे आणि असावा. पण तळ राखण्यासाठी साडेतीन लाखांचे शहर लागत नाही. रोजगाराचे म्हणाल, तर तो कोकणात, मराठवाड्यात, विदर्भात मिळाला पाहिजे, म्हणजे कुणाला दोन-तीन हजार किलोमीटरवर जाऊन दुसऱ्याच्या जंगलात झोपडी घालण्याची वेळ येणार नाही. आपली शहरे आपण राहण्याजोगी ठेवली नाहीत, नद्या गटारे केल्या, गावे ओस पाडली, आणि आता मोकळा श्वास घेण्यासाठी जी भूमी अजून शाबूत आहे तिच्याकडे आपण निघालो आहोत. ज्या सवयींनी इथली हवा नासली, त्याच सवयी सामानात बांधून नेल्यावर तिथली हवा किती वर्षे टिकेल?

हे बदलू शकते, आणि बदलल्याचे दाखले याच बेटांवर आहेत. उत्तर सेंटिनल बेटावरच्या लोकांना भेटायला जायचे नाही, दुरून फक्त लक्ष ठेवायचे, असे धोरण सरकारने अनेक वर्षे पाळले आहे, आणि त्सुनामीनंतर पाहणीला गेलेल्या हेलिकॉप्टरवर त्यांनी धनुष्य रोखले तेव्हा ते आपल्या बळावर वाचले आहेत हे साऱ्या जगाला कळले. जारवांची जनगणनेतली संख्या २००१ मध्ये २४० होती, ती २०११ मध्ये ३८० झाली. ज्यांच्याकडे जंगल उरले ते जगले. विधवेचे केशवपन धर्म आहे असे मानणारा समाज तीन पिढ्यांत ते विसरला. समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यायला लावणाऱ्या घरांतली नातवंडे आज बोस्टनला आणि सिडनीला राहतात. आपली नजर बदलते, बदलायला भाग पाडले की बदलते. तेव्हा हा एक अंधपणा जन्माला पुरेल इतका पक्का आहे, असे मानायचे कारण नाही.

म्हणून जे अंदमानला सहलीसाठी निघाले आहेत, त्यांनी जिरकाटांगची पहाट वेळापत्रकातून काढून टाकावी. रंगत, मायाबंदर, दिगलीपूरला समुद्रमार्गाने जाता येते. वेळ जास्त लागतो, तो लागू द्यावा. सहल कंपनीला आरक्षणाच्या वेळीच तसे सांगावे, कारण गिऱ्हाइकाने मागणे सोडले तर ती वाट आपोआप ओस पडेल. शिक्षकांनी सेल्युलर जेलच्या धड्याबरोबर अॅबर्डीनची लढाईही शिकवावी. बदलीने तिथे जाणाऱ्यांनी काम चोख करावे, मुदत संपली की परतावे, आणि तिथे दुसरे घर बांधू नये. निवृत्तीचे घर, हौसेचा होमस्टे, गुंतवणुकीची जमीन यांसाठी जे निघाले आहेत, त्यांना माझी विनंती स्पष्ट आहे: जाऊ नका. डॉक्टर, पाणी आणि भूकंप ही कारणे तुमच्यासाठी पुरेशी आहेतच. पण ती नसती तरी, ज्यांची भूमी आहे त्या निकोबारींना स्वतःच्या गावी परतण्याची परवानगी वीस वर्षे मागून मिळत नसताना, आपल्याला तिथे घर मागण्याचा अधिकार नाही.